कय्यूम साहेब पाणी पीत नसत

कय्यूम साहेब गेले हे मला बाजारात कळलं. मी मिरच्या निवडत होतो. दौलत आला, शेजारी उकिडवा बसला आणि म्हणाला, "किसनभाऊ, आपले मातीवाले साहेब गेले जी. यवतमाळले. मयतीले मी गेलतो."

मिरच्या तशाच टाकून घरी आलो. घरी येऊन सांगायचं कोणाला? जिला आधी सांगितलं असतं ती त्यांच्याही आधी गेली. सून चांगली आहे, पण तिला यातलं अर्धंच माहीत. म्हणून लिहायला बसलो. मी सातवीपर्यंत शिकलो, तेही ढकलत ढकलत. माझा हात फावड्याचा. जसं येईल तसं लिहितो. साहेबांकडे आमच्या घरची एक बाटली होती. तिचं काय झालं ते आता कोणाला विचारू?

रेल्वेच्या छोट्या लायनीवरच्या आमच्या टेसनात मी खलाशी होतो, म्हणजे पडेल ते काम करणारा मजूर. गाडी छोटी, पण आमच्या यार्डात इंजिनाची शेड होती. आधी कोळशाची इंजिनं, मग डिझेलची. इंजिन खड्ड्यावर उभं करायचं, खालून काळं तेल सोडायचं, ते खड्ड्यातच मुरायचं. रीतच होती ती. जमीन पिऊन घेते, असं सगळे म्हणत. मग गाडी बंद पडली. रूळ गंजले. शेडचे पत्रे वाऱ्यानं नेले की माणसांनी, ते विचारू नका. आम्ही जुने लोक क्वार्टरातच राहिलो, कोणी उठवलं नाही. क्वार्टरांच्या सगळ्या लायनीला विहीर एकच, यार्डाच्या भिंतीला लागून. दगडानं बांधलेली, खोल.

उन्हाळ्यात त्या पाण्याला घासलेटसारखा वास येऊ लागला होता. माझी बायको शेवंता नाकाची मोठी तिखट. ती टेसनापलीकडच्या हापशीवरून पाणी आणू लागली. डोक्यावर गुंडी, कमरेवर कळशी, मध्ये रूळ ओलांडायचे. बाकीच्या बाया तिला हसत. "राणीले हिरीचं पानी वास मारते म्हनते."

कापसाची ती सालं वाईट होती. गावात लग्नं कमी आणि दवाखान्याच्या फेऱ्या जास्त. कापूस ठेवायला जागा हवी म्हणून आमच्या यार्डात मोठं गोदाम करायचं कोणीतरी वर ठरवलं. पण रेल्वेची जुनी जागा दुसऱ्याला द्यायची तर आधी तिथली माती आणि पाणी तपासून घ्यावं लागतं म्हणे. त्या कामासाठी एका खाजगी कंपनीनं कय्यूम साहेबांना पाठवलं.

उंच माणूस, पाठीत थोडा वाकलेला, मेंदी लावून लाल केलेले केस. जुन्या स्कूटरला बाजूनं माणसाएवढं लोखंडी गिरमिट बांधलेलं. सुतार लाकडात भोक पाडतो तसं ते जमिनीत पाडायचे आणि आतली माती वर काढायचे. खिशात फुटाणे. यार्डात शिरले आणि सगळ्यात आधी चपला काढल्या.

मी म्हणालो, "साहेब, खिळे हायेत, काच हाय."

"जोडा घालून मले काही समजत नाई, किसनभाऊ. पायाले लवकर समजते."

माती चिमटीत घेऊन नाकाशी धरत, डोळे मिटत. एवढा वेळ मिटत की मला वाटायचं झोपले. मग म्हणत, "चला." वास आला तरी चला, नाही आला तरी चला. हसताना आवाज काढत नसत. नुसते खांदे हलायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं हा माणूस रडतो आहे.

त्यांचा एक नियम होता आणि तो ते येताजाता सांगत: आधी विचाराचं, मग खणाचं. खरंच सगळ्यांना विचारत. मला विचारलं, इंजिन कुठं उभं राहायचं, तेल कुठं सांडायचं, राख कुठं टाकायचे. मी पायानं रेघा मारून दाखवलं. बकऱ्या चारणारी एक म्हातारी भिंतीशी बसली होती, तिला विचारलं, "माय, तुह्या बकऱ्या कुठी तोंड लावत नाईत?" म्हातारीनं काठीनं खड्ड्याकडे दाखवलं. साहेब खड्ड्याभोवती अनवाणी फिरले. मग मला म्हणाले, "पाहा बरं. गाजरगवत कुठी उगत नाई? शाळेत उगते, कचेरीत उगते, स्मशानात उगते. अन् तुमच्या या खड्ड्याच्या भोवताल एक काडी नाई."

इतकी वर्षं मी तिथून रोज गेलो, पण हे माझ्या डोळ्यात आलं नव्हतं.

पाण्याची गोष्ट त्याच दिवशी घडली. ऊन चांगलं तापलेलं. शेवंतानं तांब्या भरून आणला. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी, मग नाव. साहेबांनी हात जोडले.

"नको भाभी. जिथलं पानी तपासतो तिथलं मी पेत नाई. रिपोर्ट आल्यावर पेतो." आणि आपली कापडात गुंडाळलेली बाटली काढून प्याले.

शेवंता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जिभेला तिच्या लगाम नव्हता. "आता माय! आमच्या लोकायनं तुमच्या हातचं पानी कधी पेलं नाई, अन् आज तुमीच आमचं पेत नाई म्हनता? उलटी झाली दुनिया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांचे खांदे हलू लागले. "भाभी," ते म्हणाले, "मी हिरीची जात पाहात नाई. नुसता वास पाहातो."

"मंग घ्या ना वास. वास घ्याले तं पैसे नाई पडत!"

त्यांनी तांब्या नाकाशी नेला, डोळे मिटले आणि तसाच परत दिला. म्हणाले, पुढच्या हप्त्यात विहिरीचं पाणी भरून न्यायला येतो, कंपनीचे मोठे साहेब पण येणार आहेत.

ते ऐकून क्वार्टरातल्या बाया कामाला लागल्या. पुढं शेवंताच होती. आदल्या दिवशी विहीर उपसली, तळ दिसेपर्यंत. ग्रामपंचायतीतून ब्लिचिंग पावडर आणून टाकली. काठाला चुना मारला. सकाळी काठावर रांगोळीही काढली. पाण्याचा वास गेला होता, नवं पाणी काचेसारखं दिसत होतं. सगळ्या बायांना वाटलं, आपली विहीर चार लोकांत उठून दिसली.

साहेब जीपमधून आले. मोठे साहेब गाडीतून उतरलेच नाहीत, घड्याळ पाहत बसले. कय्यूम साहेब बाटल्या घेऊन विहिरीवर आले, दोर सोडला, आणि तेवढ्यात शेताकडून आरडाओरडा आला. दौलतला दोघं जण उचलून आणत होते. दुसऱ्याच्या शेतात रोजीनं कपाशीवर फवारणी करत होता, तोंडाला काही बांधलेलं नाही, वारा फिरला आणि औषध अंगावर. तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक मोहरीएवढ्या. गावात दुसरी गाडी नव्हती.

मोठे साहेब म्हणाले, "अँब्युलन्स बोलवा."

कय्यूम साहेबांनी बाटल्या भराभर भरल्या, बुचं लावली, जीपचं मागचं दार उघडलं, दौलतला आडवा केला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अंगावरचा सदरा फाडून काढला, आमच्याच विहिरीच्या पाण्यानं त्याचं तोंड अंग धुतलं. "चला," म्हणाले. गाडी गेली. मोठे साहेब पुढच्या सीटवर नाकाला रुमाल लावून.

दौलत वाचला. मला बातमी सांगायला आला तो हाच.

दिवाळीच्या तोंडावर साहेब एकटे स्कूटरवर आले. विहिरीवर उभं राहून मोठ्यानं सांगितलं, मातीत खड्ड्याजवळ तेल आहे, ती माती काढावी लागेल, पण विहिरीचं पाणी चांगलं आहे. पिऊ शकता. बाया टाळ्या वाजवायच्या राहिल्या होत्या. शेवंता म्हणाली, "तोंडानं सांगू नका. पेऊन दाखवा."

तिनं दोर सोडला, ताजं पाणी काढलं, तांब्या दिला. साहेबांनी तो तिथंच, उभ्यानं, सगळ्यांच्या समोर रिकामा केला. शेवटी उलटा करून दाखवला. शेवंता खूश. दुसऱ्या दिवसापासून ती हापशीवर गेली नाही.

पुढं उन्हाळ्यात वास परत आला. बाया कुजबुजू लागल्या तेव्हा त्यांना गप्प करणारी शेवंताच. "साहेबानं पेलं ना तुमच्या डोयापुढं? तो का मरणार हाय?" ती पीत राहिली. वर्षभर नाकानं सांगितलेलं तिनं ऐकलं होतं, आता साहेबांचं ऐकत होती. मग एक दिवस भाताला वास आला. गुंडीत पाहिलं तर पाण्यावर रंगीत तवंग, मोराच्या पिसासारखा. तिनं भात गाईपुढे टाकला. गाईनं तोंड लावलं नाही.

कंपनीला कळवलं. कोणीतरी येऊन पाहून गेलं आणि सांगून गेलं की लोक फवारणीचे पंप विहिरीवर धुतात, डिझेलची इंजिनं धुतात, त्याचा वास आहे. त्या वर्षांत काहीही झालं की फवारणी. डोकं दुखलं, फवारणी. गाय गाभडली, फवारणी. म्हटलं की विषय मिटला.

शेवंता म्हणाली, "चाला यवतमाळले."

घरात झाकणाची बाटली एकच सापडली, दारूची. कोणी यार्डात फेकलेली. तिनं ती राखेनं घासली, पाणी भरलं, पिशवीत ठेवली. एसटीत पिशवी कलंडली, बाटलीचं तोंड बाहेर आलं. कंडक्टर म्हणाला, "काय बुढे, सोबत पिऊन राह्यली का?" ती म्हणाली, "पाजाले चालली. तुले पायजे का?"

साहेब कापूस बाजारामागच्या गल्लीत राहत. खाली भावाचं गॅरेज, वर हे. जिन्यावर ग्रीसचे हात उमटलेले. त्यांच्या बायकोनं आम्हाला बसवलं, पाणी आणलं. शेवंतानं हात आडवा केला. "आधी साहेब आमचं पेतीन, मंग मी तुमचं पेईन." आणि बाटली काढून पुढ्यात ठेवली.

साहेबांनी बूच उघडलं. या वेळी डोळे मिटावे लागले नाहीत. काचेच्या गिलासात पाणी ओतून खिडकीत ठेवलं. उन्हात वरचा तवंग हलत होता. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, "भाभी, मी पानी भरलं त्याच्या आधी हीर उपसलीती का?"

"हाव तं. निरा तळ लागेपर्यंत. ब्लिचिंग टाकलं, चुना मारला. मोठा साहेब येनार म्हनलं तं घर नाई झाडत का आपन?"

"मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी काहून नाई इचारलं?"

खाली गॅरेजात कोणीतरी पत्रा ठोकत होतं. साहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. तिथूनच बोलले. उपसलेल्या विहिरीत झऱ्याचं पाणी धावत येतं, तेल मातीतून हळूहळू येतं. मी नव्या पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या. विहीर कधी उपसली, हा पहिला प्रश्न असतो. पोराला पण माहीत असतो. "बकरीवालीले विचारलं. तुमाले नाई विचारलं."

शेवंताचा राग तिथंच उतरला. तिचं असंच होतं, चढायचा भडकन आणि उतरायचा भडकन. "दौलत्या मरून राह्यला होता तवा," ती म्हणाली. "कोनाच्या ध्यानात राहीन जी?"

"ध्यानात ठेवाचाच पगार हाय माह्या."

त्यांच्या बायकोनं परत पाणी पुढं केलं. शेवंता प्याली.

दुसऱ्याच दिवशी साहेब गावात आले आणि जिथं उभं राहून पाणी चांगलं म्हणाले होते तिथंच उभं राहून म्हणाले, "माह्यं चुकलं. हे पानी पेऊ नका." शिकलेल्या माणसाच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं, आणि पुढंही कधी ऐकलं नाही. पण बायांना त्याचं काय कौतुक? हापशी त्या महिन्यात कोरडी पडलेली. एक म्हातारी म्हणाली, "मंग कुठचं पेवाचं? तुह्या स्कूटरीतलं?" साहेब मान खाली घालून उभे राहिले.

कंपनीचं म्हणणं एकच, तेल यार्डातलं नाही, गावातलं आहे. यार्डाचं निघालं असतं तर लायनीला दुसरं पाणी द्यावं लागलं असतं. म्हणून साहेबांनी एक काम केलं. उन्हानं काळी जमीन फाटली होती, हात जाईल एवढ्या भेगा. पण खड्ड्याभोवती जमीन गुळगुळीत. तेल प्यालेली माती फाटत नाही, हे त्यांनी मला पायानंच दाखवलं. पुढच्या अंगाला, विहिरीकडे, भेगा सुरू होत होत्या, तेल तिथूनच खाली उतरत असणार. त्यांनी टेम्पोभर खडे मीठ आणून इंजिनाच्या खड्ड्यात ओतलं. म्हणाले, पाऊस पडला की हे मीठ पाण्यासोबत चालू लागेल. तेल ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं जाईल. विहीर खारी झाली तर वाट यार्डातून आहे, मग बोलाले जागा नाही. पाण्यातलं मीठ मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, पण रोज येणं होत नव्हतं. कंपनीनं दुसरीकडे जुंपलं होतं.

"भाभी, रोज सकाळी जिभीच्या शेंड्यावर एक थेंब घ्याचा. खारं लागलं तं फोन कराचा. अन् थुकून द्याचं. गिळाचं नाई. समजलं?"

"समजलं," शेवंता म्हणाली.

पाऊस लागला. रोज सकाळी ती विहिरीवर जायची, बादली ओढायची, ओंजळभर तोंडात घ्यायची, आणि थांबायची. आम्ही पिण्याचं पाणी गावातून सायकलवर आणत होतो. एका सकाळी ती तशीच पळत आली. "खारं लागलं! धनी, खारं लागलं!" लॉटरी लागल्यासारखी.

साहेब भर पावसात आले. यंत्र पाण्यात धरलं, आकडा पाहिला, परत धरला. मग पहिल्यांदाच त्यांनी शेवंताच्या पायांना हात लावायला वाकल्यासारखं केलं. ती मागं सरली. "हे काय करता जी!"

"थुकत होत्या ना?" त्यांनी सहज विचारलं.

"नाई."

"म्हणजे?"

"गिळत होती."

कय्यूम साहेब ओरडले. तेवढं एकदाच मी त्यांना ओरडताना पाहिलं. "बाई, सांगितलं होतं ना मी! जिवावर कायले उदार झाल्या तुमी?"

शेवंता ओली, पदर डोक्याला चिकटलेला. पण आवाज खाली केला. "कय्यूमभाऊ, माह्यं लेकरू झालं तवा बाळंतपणातून उठून मी पहिली याच हिरीवर आली. हयदकुकू लावलं, वटी भरली, मंग गुंडी उचलली. त्याच्या तोंडात पहिलं पानी हिचं. अन् आता तुमी म्हनता तोंडातलं हिच्या दारात थुक? इतकी सालं पेलं. आता दोन घोटायनं काय होते?"

कय्यूमभाऊ ती त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाली. साहेबांनी यंत्र पुसलं, डब्यात ठेवलं. डब्याचं झाकण बसेना, तरी दाबत राहिले.

मिठाच्या तपासणीचा कागद कंपनीत गेला. कंपनीतले म्हणाले, आधी चांगलं म्हणता, मग वाईट म्हणता, एका माणसाचे दोन निकाल कसे? साहेब म्हणाले, दुसरा खरा, पहिला मी विचारल्याबिगर केला. त्यानंतर त्यांना काम मिळेनासं झालं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, दौलतकडून कळलं. दौलत त्यांच्याकडे सणासुदीला जायचा. गोदाम झालं नाही. माती कोणी काढली नाही. पण आमच्या लायनीला गावाच्या टाकीतून नळ आला, तो त्या मिठामुळे आला.

विहिरीवर पाटी त्यांनीच रंगवली, लाल रंगानं, वाकडी अक्षरं. शेवंताला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं?"

"हे पानी पेऊ नये."

"माह्या हिरीले बद्दू केलं," ती म्हणाली आणि घरात जाऊन रडली. नळ आल्यावरही ती शुक्रवारी विहिरीच्या काठाला हळद लावायची. पाटीच्या खाली.

मग तिचं पोट फुगलं. डोळे पिवळे झाले. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं आधी विचारलं, फवारणी करता का. मग विचारलं, दारू पिता का. ती एवढी अशक्त, तरी उठून बसली. "तू पेतं का?" म्हणाली.

कय्यूम साहेब रोज यायचे. खाटेजवळ येत नसत, वॉर्डाच्या दाराशी उभे. ती म्हणायची, "तथी कायले उभे राह्यता? बसा ना भाऊ." तरी दाराशीच. एक दिवस मला बाहेर बोलावून म्हणाले, "डॉक्टरले विचारलं मी. पाण्यानं झालं का म्हणून. ते म्हणते, सांगता येत नाई."

मी म्हणालो, "मंग तुमी मले कायले सांगता?"

असंच बोललो. अजूनही वाटत नाही की दुसरं काही बोलायला हवं होतं. मला तेव्हा माझी बायको हवी होती, कारण नको होतं. ते मान हलवून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले, दाराशी.

शेवंता पोळ्याच्या आधी गेली.

तेरवीला मी कोणाला बोलावलं, कोणाला नाही, मला आठवत नाही. साहेब आले. अंगणात पंगत बसली होती, ते कडेला बसले. दौलत वरण वाढत होता. सून रेखानं त्यांच्यापुढं पाण्याचा गिलास ठेवला, नळाचं पाणी. त्यांनी गिलास उचलला, नाकाशी नेला. मग खाली ठेवून हळूच विचारलं, "बेटा, टाकी कधी धुतली?"

"कालच जी," रेखा म्हणाली. तिला काय ठाऊक? "तेरवीले पाव्हने येनार म्हनून पंचायतीच्या मागंच लागलो सगळे. पार घासून काढली, पावडर टाकली."

साहेबांचे खांदे हलू लागले. दौलत वाढता वाढता हसला, त्याला वाटलं साहेब हसतात. मी समोर बसलो होतो. मला तोंड दिसत होतं.

पाणी न पिताच उठले. मला म्हणाले, "मी येईन. कधी येईन ते सांगनार नाई. तुमी पन कोनाले सांगू नका."

आले ते दिवाळी होऊन गेल्यावर, भर दुपारी. घरात मी एकटा. स्कूटर तीच, पण गिरमिट बांधलेलं नव्हतं. कंपनीला परत केलं असेल किंवा विकलं असेल. केसांना मेंदी नव्हती, निव्वळ पांढरे. चपला दाराशी काढल्या. मला विचारलं, "टाकी?" मी म्हणालो, "तेरवीपासून कोनी हात नाई लावला." नळ सोडला, बराच वेळ वाहू दिला, मग बाटली भरली, बूच घट्ट केलं.

मी म्हणालो, "आता तं तुमची नोकरी बी नाई. कोन तपासते हे?"

"ओळखीचा एक पोरगा हाय. तपासून देते."

कोपऱ्यात शेवंताचा तांब्या होता. मी तो घासून पाणी भरलं आणि पुढं केलं. दारात आलेल्याला आधी पाणी. त्यांनी तांब्याकडे पाहिलं. ओळखला. दोन्ही हात जोडले.

"रिपोर्ट आला की पेतो, किसनभाऊ."

"नक्की?"

"चला," म्हणाले.

मी दारात उभा राहिलो. त्यांनी बाटली स्कूटरवर पुढं, पायापाशी ठेवली, लेकराला उभं करतात तशी, आणि ती पडू नये म्हणून दोन्ही गुडघ्यांनी दोन्हीकडून धरली. यार्डाच्या भिंतीशी खड्डे आहेत, तिथं त्यांनी स्कूटर अगदी सावकाश केली. पाय खाली टेकवत टेकवत नेली. चपला तेव्हाही घातलेल्या नव्हत्या. माझ्या दाराशीच राहिल्या होत्या.